मैदानावर गेलं की मन आपोआप ठीक होतं?

‘दहावी आली, आता खेळ बंद’ हा ठराव बऱ्याच घरांत शाळा उघडायच्या आधीच मंजूर होतो. मैदानावरचा तास अभ्यासातून वजा होतो, हा त्यामागचा समज. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सुचवते आणि त्यात परीक्षेच्या वर्षाला सूट नाही. खेळून दमलेलं मूल चांगलं झोपतं, आणि झोप झाली तरच वाचलेलं डोक्यात राहतं.

याच्या अगदी उलटा समजही आहे: मूल खेळाडू आहे, म्हणजे ते मनाने खंबीरच असणार. नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं आणि त्यानंतर आलेल्या नैराश्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला. विराट कोहलीनेही २०१४च्या इंग्लंड दौऱ्यातल्या अशाच अनुभवाबद्दल सांगितलं आहे.

मग, कुठलाही खेळ चालेल? अमेरिकेतल्या ९ ते १३ वयाच्या ११ हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्यांत चिंता, उदासी, एकलकोंडेपणा न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. टेनिस, जिम्नॅस्टिक्स असे फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत मात्र या तक्रारी न खेळणाऱ्यांहूनही जास्त निघाल्या. म्हणून लगेच रॅकेट माळ्यावर टाकू नका. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण कबड्डीत बाद झालेल्या गड्याला सोबत्यांनी समोरचा टिपला की परत आत येता येतं. टेनिसमध्ये गमावलेला सेट एकट्याच्याच नावावर लागतो. त्यात जाळीबाहेर उभं राहून प्रत्येक चुकीवर कपाळाला हात लावणारे बाबा असतील, तर खेळसुद्धा दुसरी शिकवणीच होतो.

व्यायामाने ‘एंडॉर्फिन’ हे रसायन स्रवतं आणि म्हणून बरं वाटतं, हा समज तर व्हॉट्सॲपने घरोघरी पोचवलाय. प्रत्यक्षात रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. धावल्यानंतरच्या तरतरीचं श्रेय संशोधक आता बरंचसं एंडोकॅनाबिनॉइड या दुसऱ्याच रसायनांना देतात.

शेवटचा समज सगळ्यांत घातक: ‘खेळायला पाठवा, उदासपणा जाईल.’ खेळ उपचारांना हातभार लावतो, त्यांची जागा घेत नाही. दोन आठवडे मूल गप्प असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडता खेळही नकोसा झाला असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. डॉक्टरांना भेटा किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तिथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.