वजूच्या पाण्यावरचा खजूर

रमजानमध्ये इफ्तारीच्या खजुराच्या बिया आपण केरात टाकतो. एका वर्षी कळंबच्या आमच्या घरी अम्मींनी त्यातल्या चार बिया धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. काही आठवड्यांत कोंब फुटले. त्यातले एक झाड आज अंगणात आमच्या डोक्याच्या वर गेले आहे.

त्याआधी दारापुढे हिरवेगार पाम असावेत या हौसेपायी आम्ही बरेच पैसे घालवले होते. रोपवाटिकेतून अरेका पाम आणले आणि भर उन्हात लावले. ही जात मूळची मादागास्करची. तिला दमट हवा आणि झिरपते ऊन मानवते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो. आठवड्यातच पाने करपली. म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत राहिलो आणि पावसाळ्यात उरलीसुरली मुळेही कुजली. उन्हाने फक्त पाने गेली होती. झाडे गेली ती आमच्या मायेने.

आपली काळी जमीन पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पामच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. म्हणून खजुरासाठी आम्ही जमिनीपेक्षा फूटभर उंच ओटा केला. माती, वाळू, मुरूम आणि पूर्ण कुजलेले शेणखत एकत्र करून तो भरला. कच्चे शेणखत टाळावे. त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि मोठा झालेला भुंगा पामचा शेंडा पोखरतो.

शेंडा जपणे सर्वांत महत्त्वाचे. पामच्या खोडाला आंब्या-लिंबासारख्या फांद्या फुटत नाहीत. शेंडा कुजला किंवा छाटला की ते खोड संपले. ईदच्या आधी अंगण आवरताना हिरवी पानेही कापू नयेत. पूर्ण वाळलेले पानच काढावे. पिवळ्या पडणाऱ्या पानातूनही झाड अन्न ओढून घेत असते.

उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण प्रत्येक घरी असते. आम्ही वजू करताना खाली घमेले ठेवतो. त्या पाण्यात साबण नसतो. रोप लहान असताना ते तीन-चार दिवसांआड बुडाशी भरपूर दिले. रोज थोडे थोडे शिंपडले तर मुळे वरच राहतात. पावसाळ्यात पाणी बंद.

अरेका हवाच असेल तर कुंडीत लावून ओसरीच्या सावलीत ठेवावा. उघड्या अंगणात खजूर लावावा, नाहीतर शिंदी. नाल्याकाठी उगवणारी, जिच्या पानांच्या फड्याने आपण अंगण झाडतो, ती शिंदी खजुराचीच सख्खी बहीण आहे.

फळांचे मात्र आधीच सांगता येत नाही. खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासूनचे झाड कोणते, हे फुलोरा आल्यावरच कळते. मादी निघाली तरी परागासाठी नर लागतो, आणि फळ पिकण्याच्या सुमारास आपल्याकडे पाऊस येऊन ठेपतो. शेजारच्या भाभींनी विचारले, "अम्मी, इतकी वर्षे थांबून नर निघाला तर?"

अम्मी म्हणाल्या, "सावली तर देईल. पाखरं बसतील. आजवर जे खजूर खाल्ले, त्यांची झाडं तरी आपण कुठं लावली होती?"

या रमजानमध्ये भाभींनीही बिया फडक्यात ठेवल्या आहेत.