चित्र फुटतं ते नेमकं कुठं?

घरातली चित्रं, घरातलं जतन : भाग ७

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात २००५ नंतरच्या दहा वर्षांत ज्यांच्याकडं लग्नकार्य झालं, त्यांच्या कपाटात शूटिंगवाल्यानं दिलेल्या डीव्हीडी असतात, आणि तुटतील-हरवतील म्हणून कुणीतरी घरीच राइट केलेल्या त्यांच्या कॉप्याही. आज त्यातली एखादी लावली की चित्रावर चौकोन पडतात, नवरदेव घोड्यावरच थिजतो आणि घरात निकाल लागतो : ‘डिस्क गेली.’ हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. शूटिंगचं रूपांतर, डिस्कवरचं लेखन आणि प्लेअरचं वाचन या तीन टप्प्यांपैकी कुठंही बिघाड झाला तरी पडद्यावर वरवर पाहता सारखंच दिसतं. चित्र कोणत्या जागी फुटतं, कसं फुटतं आणि दुसऱ्या मशीनवर तिथंच पुन्हा फुटतं का, एवढं पाहिल्याशिवाय डिस्क कचऱ्यात टाकू नये, आणि तिच्यावर पैसेही खर्च करू नयेत.

सुरुवात अक्षतांपासून करू. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीनं आवळलेलं असतं. सेकंदाला २५ फ्रेम, पण पूर्ण चित्र साधारण १२ ते १५ फ्रेममागे एकच. मधल्या फ्रेममध्ये फक्त ‘काय बदललं’ एवढंच लिहिलेलं. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट, भटजी, मांडव जागच्या जागी असतात, त्यामुळं थोड्या माहितीत भागतं. शेवटचं ‘सावधान’ होतं आणि अक्षता उडतात, त्या क्षणी पडद्यावरचा कणन्‌कण बदलतो. माहितीची गरज एकदम वाढते. आता हिशेब बघा. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक तासाचं शूटिंग बसवलं तर सेकंदाला दहा मेगाबिटपर्यंत जागा मिळते. तीन तासांचं कोंबलं तर आवाजासकट साडेतीन मेगाबिटच्या आतबाहेर. मग अक्षतांच्या वेळी चित्राचे मऊ, धूसर चौकोन होतात आणि गर्दी स्थिरावली की चित्र पुन्हा निवळतं. हा दोष डिस्कचा नाही, तो रूपांतर करतानाच पक्का झाला आहे. प्रत्येक मशीनवर तो तसाच दिसणार, आणि कुठल्याही पुसण्या-घासण्यानं जाणार नाही. मूळ कॅसेट शिल्लक असेल तरच इलाज आहे.

डिस्क वाचताना होणारा बिघाड निराळा दिसतो. तिथं चौकोन धारदार असतात, भलत्याच जागी भलताच रंग येतो, चित्र अर्धा सेकंद तसंच विस्कटलेलं राहतं आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की झटक्यात सरळ होतं. किंवा सरळ अडकतं. पडद्यावर काहीच हालत नसताना, नुसता देव्हारा दिसत असतानाही हे घडतं. अक्षतांची वाट पाहत नाही. एवढा एक फरक डोळ्यांनी टिपता आला तर निम्मं निदान झालं.

‘पण परवापर्यंत तर चालत होती!’ ही तक्रार खरी असते, तिचं उत्तर डीव्हीडीच्या रचनेतच आहे. प्रत्येक ३२ केबी माहितीमागे जवळजवळ ५ केबी दुरुस्तीची जादा माहिती लिहिलेली असते. ओरखडा, धूळ, फिकटलेला रंग यांनी बुडालेली अक्षरं प्लेअर त्या शिलकीतून भरून काढतो आणि बघणाऱ्याला पत्ता लागू देत नाही. शिल्लक संपली की मात्र चित्र हळूहळू बिघडत नाही, एकदम फुटतं. राइट केलेल्या डिस्कमध्ये विकतच्या सिनेमासारखे साच्यातून दाबलेले खळगे नसतात. लेझरनं जाळलेला सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाहीत. पत्र्याखालच्या खोलीत मराठवाड्याचा एप्रिल-मे काढलेली डिस्क बाहेरून चकचकीत दिसूनही आतून दमलेली असू शकते.

लग्नाचा पहिला तास नीट आणि शेवटची पंगत फुटते, असं असेल तर संशय कडेवर घ्यावा. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शूटिंगचा शेवट कडेला असतो. डिस्क किंचित वाकली तर फरक कडेला सर्वांत जास्त पडतो, बोटं कडेलाच लागतात, आणि घाईनं सोळापट वेगानं राइट केलं असेल तर तो वेगही कडेजवळच गाठलेला असतो. जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे (दशक १९, समास १). त्यात पोथीच्या भोवती कोरी जागा सोडायला सांगितलं आहे, कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये म्हणून. घरी डिस्क राइट करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे पाळलं. ४.७ पैकी चार जीबी भरून थांबलं असतं, तर आज फुटणाऱ्या पुष्कळ पंगती शाबूत राहिल्या असत्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : कॉम्प्युटरवर चालते, म्हणजे डिस्क चांगली, प्लेअरच बेकार. पूर्ण खरं नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचू शकतो, वेग कमी करून पाहतो. टीव्हीखालच्या प्लेअरला तेवढी उसंत नसते, चित्र ठरल्या वेळी पडद्यावर गेलंच पाहिजे. त्यामुळं कॉम्प्युटरवर चालणारी डिस्क काठावर पास झालेली असू शकते. उलट तीन वेगळ्या डिस्क एकाच प्लेअरवर अडकत असतील आणि दर वेळी वेगळ्या जागी, तर दोष प्लेअरच्या लेन्सचा धरावा. तिथं डिस्क घासत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चित्र धड येतच नाही, हा प्रकार लवकर आटोपता येतो. आवाज आहे पण चित्र काळंपांढरं, तर पिवळी वायर बहुधा चुकीच्या खाचेत आहे किंवा प्लेअर पाल या चित्रपद्धतीऐवजी एनटीएससीवर गेला आहे. प्लेअर डिस्क ओळखतच नाही पण ड्राइव्हला ती थोडीफार दिसते, तर ती फायनलाइज झालेली, म्हणजे राइट करून शेवटी बंद केलेली, नसावी. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत, यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर राइट करताना मध्येच लाइट गेली की नेमकी अशी अर्धवट डिस्क हाती येई.

ओरखड्यांवर टूथपेस्ट घासायच्या घरगुती उपायाचं काय? डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. खालच्या चकतीवरचा उथळ ओरखडा घासून सौम्य होतो, हे खरं. रंगाचा थर गेला असेल तर घासून काय होणार? मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसावं, गोल फिरवू नये, एवढं पुरे.

आणि ‘पेनड्राइव्हवर घेऊन टाका, कटकट मिटली’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं, घ्यायचं कुठून? त्यासाठी हीच डिस्क एकदा तरी नीट वाचली गेली पाहिजे. साधं कॉपी-पेस्ट पहिल्या न वाचलेल्या जागेवर थांबतं. डीडीरेस्क्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम आधी सोपा भाग उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो आणि कुठं काय राहिलं त्याची नोंद ठेवतो. तीच नोंद घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर उरलेलं वाचता येतं. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला पुष्कळदा जमतं. सुरुवात कडेला फुटणाऱ्या डिस्कपासून करावी. अक्षतांना धूसर होणाऱ्या डिस्क थांबू शकतात, त्यांचा तो दोष वाढत जाणारा नाही.

(पुढील भागात : व्हीएचएस कॅसेटची बुरशी)