डबीतलं सोयाबीन आणि सरळ रेषा

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा माल उतरला की भावाच्याही आधी प्रश्न येतो, “मॉइश्चर किती?” हमीभावाच्या खरेदीत मर्यादा १२ टक्क्यांची, २०२४ च्या खरिपात ती १५ वर नेली. मीटरच्या एका आकड्यावर ट्रॉली परत फिरते. तो आकडा कितपत खरा, हे तपासायचं काम मी इथल्याच एका बियाणे प्रयोगशाळेत शिकलो.

मीटर तपासायचं ते ओव्हनशी ताडून. भरडलेलं सोयाबीन ॲल्युमिनियमच्या डबीत भरून १०३ अंशांवर १७ तास ठेवायचं, मग डेसिकेटरमध्ये थंड करून वजन. त्याआधी डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे ना, ते बघायचं. गुलाबी झाली असेल तर डबी थंड होता होता पुन्हा ओल धरते. एकाच नमुन्याच्या दोन डब्यांत ०.२ टक्क्यांहून जास्त फरक आला की सगळं पहिल्यापासून.

पहिल्या खेपेला मी गोदामातले नमुने घेतले. वाळलेला माल, सगळा ९ ते १० टक्क्यांचा. आडव्या अक्षावर ओव्हन, उभ्या अक्षावर मीटर, मधून रेषा. गृहीतक धरलं: रेषेचा चढ १ आहे, म्हणजे ओव्हनचा ओलावा जितका वाढतो तितकाच मीटरचा आकडा वाढतो. टी-चाचणीत ते नाकारता आलं नाही. ‘मीटर बरोबर’ असं लिहून कागद प्रयोगशाळेतल्या सरांपुढे ठेवला.

सर म्हणाले, “आता चढ शून्य आहे असं धरून बघ.”

तेही नाकारता आलं नाही! ठिपके तेच, कागद तोच. मीटर चोख असेल, नाहीतर कसलाही माल घातला तरी एकच आकडा दाखवत असेल. माझ्या नमुन्यांवरून दोन्ही खरं ठरू शकत होतं. अशा रेषेवर मीटरच्या आकड्यावरून मागे जाऊन खरा ओलावा काढायला गेलं, तर फीलरच्या सूत्राने येणारी विश्वासमर्यादा अनंतापर्यंत पसरते. या मागे जाण्यावर संख्याशास्त्रज्ञ आयझेनहार्ट यांनी १९३९ मध्ये लिहिलं होतं. १९६७ मध्ये क्रचकॉफ यांनी उलटीच रेषा, म्हणजे मीटरवरून ओव्हनची, बसवा म्हणून वाद घातला. सर आयझेनहार्टांच्या बाजूचे: ओव्हनचा ओलावा आपण ठरवतो, तेव्हा रेषा मीटरचीच बसवायची.

मग नमुनेच घडवले. काही ७ टक्क्यांपर्यंत वाळवले, काहींवर पाणी शिंपडून १६ पर्यंत नेले आणि बाटल्या घट्ट बंद करून काही दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. ओल दाण्याच्या आत मुरायला हवी, वरवरच्या ओलीला मीटर फसतं.

या वेळी चढ शून्य असल्याचं गृहीतक सपशेल नाकारलं गेलं. चढ १ असल्याचंही! १० टक्क्यांला मीटर बरोबर होतं, पुढे मात्र वाढवून सांगत होतं. खरा १२ टक्क्यांचा माल त्याच्या लेखी मर्यादेबाहेर जात होता. मोंढ्यातल्या परत फिरणाऱ्या ट्रॉल्या आठवून माझ्या पोटात कालवलं.

संध्याकाळी मीटरवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटली: ‘११ च्या वर दाखवलं तर ओव्हन लावा.’