सायकल हलकी हवी की लांब? उतारावर खरा फरक कशाने पडतो

रविवारी पहाटे बदलापूरहून बारवी धरणाकडे किंवा कोंडेश्वरकडे निघालात, तर चहाच्या टपरीवर सायकलवाले हमखास भेटतात. कुणी उल्हासनगरच्या कॅम्पातून आलेला, कुणी अंबरनाथहून. गप्पा सुरू झाल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोची आहे?" मग कुणीतरी दांडी धरून सायकल उचलून बघतो आणि पसंतीची मान हलवतो.

प्रश्न चुकीचा नाही. पण दगडाळ उतारावर तुम्ही नीट खाली पोहोचणार की हँडलवरून पुढे फेकले जाणार, हे किलोवर फारसं ठरत नाही. ते ठरतं सेंटिमीटरवर आणि अंशांवर, म्हणजेच फ्रेमच्या मापांवर. नवी सायकल घ्यायला 20-30 हजार रुपये बाजूला काढले असतील, तर हे आधी समजून घेतलेलं बरं.

सुरुवात झाली जड सायकलींनी

21 ऑक्टोबर 1976 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी डोंगरउतारावर शर्यत लावली. साधारण 3 किलोमीटरमध्ये जवळपास 400 मीटर खाली उतरणारा तो कच्चा रस्ता. सायकली होत्या जुन्या, जाड टायरच्या आणि चांगल्याच वजनदार. पायडल उलटं दाबून लागणारे ब्रेक खाली पोहोचेपर्यंत इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. माउंटन बाइकिंगची सुरुवात इथून झाली, असं मानतात.

त्या सायकली हलक्या नव्हत्या, पण लांब होत्या आणि त्यांचा पुढचा चिमटा बराच तिरका होता. आपल्याकडची दूधवाल्यांची काळी सायकलही तशीच असते. मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले असतानाही ती सरळ चालते. तिच्या स्थिरपणात या लांबी-तिरकेपणाचा मोठा वाटा आहे.

चिमट्याचा तिरकेपणा: हेड अँगल

चिमटा ज्या नळीत फिरतो, तिचा जमिनीशी होणारा कोन म्हणजे हेड अँगल. नेहमीच्या माउंटन बाइकमध्ये तो साधारण 69 ते 71 अंश असतो. डाउनहिल शर्यतीच्या सायकलीत तो 62 ते 64 अंशांपर्यंत येतो. फरक सात-आठ अंशांचाच दिसतो, पण त्यामुळे पुढचं चाक पाच-सहा सेंटिमीटर आणखी पुढे जातं.

पाच-सहा सेंटिमीटरने काय होतं? हिशेब करून बघू. समजा, तुमचा आणि सायकलचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून 110 सेंटिमीटर उंच आहे, आणि सपाटीवर तो पुढचं चाक जिथे जमिनीला टेकतं, त्याच्या 60 सेंटिमीटर मागे आहे. आता 15 अंशांच्या उतारावर या. पायवाटेवरचा हा चांगलाच तीव्र उतार झाला. तिथे गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा सुमारे 30 सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे सपाटीवरच्या 60 सेंटिमीटरपैकी निम्मेच हातात उरतात. तेवढ्यात पुढचा ब्रेक जोरात दाबला किंवा चाक दगडाला अडलं, की मागचं चाक उचललं जातं.

उरलेल्या 30 सेंटिमीटरमध्ये 6 ची भर पडली, तर ती थेट 20 टक्के वाढ आहे. सपाट रस्त्यावर जाणवणारही नाही असा फरक उतारावर दात वाचवू शकतो.

तिरक्या चिमट्याचा दुसरा फायदाही आहे. वेगात असताना चाक आपली दिशा धरून ठेवतं. दगड लागला तरी हँडल हातातून हिसकलं जात नाही.

रीच: उभं राहिल्यावर मिळणारी जागा

उतारावर आपण सीटवर बसत नाही, पायडलवर उभे राहतो. त्यामुळे सीट ते हँडल हे अंतर तिथे बिनकामाचं. महत्त्वाचा असतो रीच, म्हणजे पायडलच्या मधल्या आसापासून चिमट्याच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. तो कमी असेल तर उभं राहिल्यावर छाती हँडलवर येते आणि पुढे-मागे सरकायला वाव राहत नाही. पुरेसा असेल तर सायकलच्या 'वर' नाही, 'आत' उभे आहोत असं वाटतं.

नव्या सायकलींमध्ये म्हणूनच फ्रेम लांब आणि हँडलचा स्टेम आखूड, साधारण 35 ते 50 मिलिमीटर, अशी जोडी असते. दुकानात मात्र '18 इंची फ्रेम' एवढंच सांगतात. तो आकडा बहुतेक वेळा सीटखालच्या नळीच्या लांबीचा असतो. त्यावरून उतारावरच्या जागेबद्दल काहीच कळत नाही.

पायडलच्या आसाची उंचीही बघायला हवी. आस खाली असेल तर सायकल वळणावर जमिनीला चिकटून चालल्यासारखी वाटते, पण दगडाळ वाटेवर पायडल आपटतं.

मग वजनाचं काय?

चढावर वजन नक्की जाणवतं. स्वार 70 किलोचा आणि सायकल 16 किलोची, म्हणजे एकूण 86. सायकल 3 किलोने हलकी केली, तर एकूण वजन साडेतीन टक्क्यांनी कमी होतं. तासाभराच्या चढात सुमारे दोन मिनिटं वाचतील. तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रोज सायकल चढवणाऱ्याला मात्र ते 3 किलो दररोज मोजावे लागतात.

उतारावर गणित बदलतं. जड सायकल खडबडीत वाटेवर कमी उडते आणि शांत वाटते. डाउनहिल सायकली आजही साधारण 15 ते 18 किलोच्या असतात. वर्ल्ड कपमधल्या काही खेळाडूंनी तर फ्रेमच्या खालच्या भागात मुद्दाम वजनं लावून पाहिली आहेत!

पण वजन कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. फ्रेममध्ये, पायांजवळ, खाली असलेलं वजन स्थिरता देतं. तेच वजन रिम आणि टायरमध्ये असेल, तर वेग घ्यायला, थांबायला आणि वळायला जास्त जोर लागतो, शिवाय चाक खड्ड्यांनुसार पटकन वर-खाली होत नाही. स्वस्तातल्या 'डबल शॉकअप' सायकलींची गोची इथेच होते. वजन भरपूर, चाकं जड, मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला खाली-वर होणारी आणि हेड अँगल मात्र साध्या सायकलचाच. दिसायला डाउनहिल, चालवायला हातगाडी.

मग डाउनहिल सायकलच घ्यायची का?

आपल्या भागासाठी नको. तिरक्या चिमट्याची लांब सायकल चढावर पुढचं चाक भरकटवते आणि कॅम्पातल्या गर्दीत वळवताना नकोशी होते. शिवाय इथे उतार मिळवायला आधी स्वतःच चढावं लागतं. कोंडेश्वरला जा नाहीतर नेरळहून माथेरानचा घाट चढा, वर नेऊन सोडणारी लिफ्ट कुठेच नाही. 66 ते 68 अंशांचा हेड अँगल, फक्त पुढे सस्पेन्शन आणि चांगले डिस्क ब्रेक, हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो.

दुकानात टेप घेऊन जा

मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी करा. भिंतीपासून पायडलच्या आसापर्यंतचं आणि भिंतीपासून चिमट्याच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे रीच. सस्पेन्शन चिमट्याच्या सरळ पायाला मोबाइल टेकवून कोन मोजणारं ॲप लावलं, की हेड अँगलचा अंदाज येतो. जमीन तेवढी सपाट हवी. दोन-तीन सायकली अशा मोजून, पायडलवर उभं राहून पाहा. जिच्यावर गुडघे-कोपरं मोकळी राहतात, ती तुमच्या मापाची.

आणि सायकल जुनीच ठेवायची असेल, तरी उताराआधी सीट पूर्ण खाली करा. सीट खाली गेली की कंबर मागे आणि खाली नेता येते, म्हणजे वरच्या हिशेबातले सेंटिमीटर फुकटात परत मिळतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या खडकावर पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबा, वनखात्याच्या हद्दीतल्या वाटेवर जाण्याआधी परवानगीची चौकशी करा आणि हेल्मेट घरी विसरू नका.

पुढच्या रविवारी टपरीवर कुणी "किती किलोची आहे?" विचारलं, तर वजन सांगा आणि वर विचारा, "तुझ्या सायकलचा रीच किती?"