हप्त्याची गाडी – लेखांक सातवा : गाडी परत दिली म्हणजे कर्ज फिटते का?

मागच्या लेखांकात आपण मासिक हप्त्याची फोड पाहिली. पहिल्या दोन वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजात जातो आणि मुद्दल हळूहळू कमी होते, हे त्यातून दिसले. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हप्ते झेपेनासे झाले, तर मुदत संपण्याआधी गाडी फायनान्स कंपनीला परत देऊन मोकळे होता येते का? भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वस्तीत हा प्रश्न वरचेवर उभा राहतो. महानिर्मितीच्या औष्णिक विद्युत केंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच आणि नवा ६६० मेगावॅटचा संच यांच्याभोवती कंत्राटदार, त्यांचे कामगार आणि भाड्याने गाडी लावणारे यांचे मोठे जग आहे. कंत्राटाच्या भरवशावर गाडी घेतली जाते. कंत्राटाची मुदत मात्र बहुधा कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असते. निविदा दुसऱ्याच्या नावावर निघाली की गाडी दारात उभी राहते, हप्ता थांबत नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीच्या वाहतुकीसाठी पिकअप घेतलेल्यांची गतही तीच असते. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की भाडे बुडते, हप्त्याची तारीख मात्र टळत नाही. अशा वेळी ‘गाडी घेऊन जा आणि मला मोकळे करा’ हे वाक्य तोंडी येते. माझे म्हणणे असे की, आजच्या कायद्यात या वाक्याला आधार नाही. हा आधार कर्जदाराला स्वतः, गाडीची किल्ली देण्याआधी, कागदावर मिळवावा लागतो.

याचे कारण करारात आहे. खऱ्या भाडेखरेदीत, म्हणजे हायर पर्चेसमध्ये, शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडीची मालकी फायनान्स कंपनीकडे असते. आपण ती भाड्याने वापरतो आणि शेवटी विकत घेण्याचा हक्क आपल्याला मिळतो. आज बँका आणि वित्तसंस्था बहुतेक वेळा करतात तो करार मात्र कर्ज आणि तारण असा असतो. गाडी पहिल्या दिवसापासून आपली असते आणि तिच्यावर बोजा असतो. आरटीओत ‘एचपी चढवली’ असे दोन्ही प्रकारांना म्हणतात, म्हणून लोकांना ते एकच वाटतात. फरक मोडताना कळतो. भाडेखरेदीत वस्तू परत गेली की पुढचे भाडे थांबण्याला काही अर्थ असतो. कर्जात गाडी ही केवळ हमी असते. हमी विकून जे येईल ते खात्यात जमा होते आणि उरलेले देणे आपल्याच नावावर राहते. एक हिशेब मांडून पाहू. ८ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, ६० हप्ते असतील तर हप्ता साधारण १६,९९८ रुपये येतो. २४ हप्ते वेळेवर भरले तर खिशातून ४ लाख ८ हजार गेलेले असतात, तरी मुद्दल सुमारे ५ लाख २७ हजार शिल्लक असते. या टप्प्यावर गाडी कंपनीच्या यार्डात गेली आणि लिलावात ४ लाख २० हजारांना विकली गेली असे समजू. तूट १ लाख ७ हजारांची झाली. त्यावर गाडी उचलण्याचा खर्च, यार्डाचे भाडे आणि मधल्या महिन्यांचे व्याज चढते. म्हणजे गाडी गेली आणि देणेही उरले.

हे असेच असायला हवे होते का? आपल्या संसदेला तसे वाटले नव्हते. विधी आयोगाने १९६१ मध्ये आपल्या विसाव्या अहवालात भाडेखरेदीचा विचार केला आणि १९७२ मध्ये भाडेखरेदी कायदा संमत झाला. त्यात भाडेकऱ्याला चौदा दिवसांची लेखी सूचना देऊन, वस्तू परत करून, करार केव्हाही संपवण्याचा हक्क होता. थकलेले हप्ते अर्थातच भरावे लागत. पण करार मोडल्याबद्दल कंपनी जी जादा रक्कम मागेल तिला मर्यादा होती. एकूण किमतीच्या निम्म्याहून अधिक भरणा झाला असेल तर ती रक्कम द्यायचीच नाही. कमी झाला असेल तर निम्म्यापर्यंतचा फरक किंवा करारातली रक्कम, यांपैकी कमी असेल ती द्यायची. वरच्या उदाहरणात दीड लाखांची आगाऊ रक्कम धरली तर सगळे मिळून देणे ११ लाख ७० हजारांच्या आसपास होते. त्याचे निम्मे ५ लाख ८५ हजार आणि भरलेले ५ लाख ५८ हजार, म्हणजे फरक फक्त २७ हजारांचा. तूट लाखावर आणि निम्म्याचा नियम लावला तर २७ हजार, एवढे हे अंतर आहे. हा कायदा प्रत्यक्षात कधीच अंमलात राहिला नाही आणि २००५ मध्ये तो रद्दच झाला. शिवाय तो भाडेखरेदीपुरता होता. तारणाच्या कर्जाला तो तसाही लागला नसता. तरीही त्यातले तत्त्व महत्त्वाचे आहे. गाडीची किंमत घसरण्याचा धोका दोघांनी वाटून घ्यावा, सगळा एकट्या कर्जदाराच्या डोक्यावर टाकू नये, हे ते तत्त्व होय.

यावर कर्ज देणाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे. परत देण्याचा हक्क दिला तर लोक दोन वर्षे गाडी पिळून वापरतील आणि खिळखिळी करून परत आणून टाकतील. त्याचा भुर्दंड व्याजदर वाढून प्रामाणिक कर्जदारांना बसेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो निम्म्याच्या नियमाला लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने भाडेखरेदीदाराला असाच हक्क दिला आहे. निम्मी किंमत भरली की गाडी परत देऊन करार संपवता येतो, आणि गाडीची नीट निगा राखली नसेल तर तिची भरपाईही द्यावी लागते. पन्नास वर्षे हा हक्क तिथे आहे आणि हप्त्यावर गाड्या विकणे तिथे बंद पडलेले नाही. कंपन्यांनी आगाऊ रक्कम आणि मुदत त्या हिशेबाने ठरवली. आपल्याकडे गाडीच्या जवळजवळ पूर्ण किमतीएवढे कर्ज सात वर्षांसाठी देण्याचा मोह त्यामुळे आटोक्यात येईल. माझ्या मते हा या हक्काचा तोटा नसून गुण आहे.

कायदा बदलेपर्यंत कर्जदाराने काय करावे? पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हप्ता थकण्याआधी गाडी स्वतः विकणे. वेळ हातात असेपर्यंतच बाजारभाव मिळतो. थकबाकीनंतरच्या लिलावात तो मिळत नाही. कंपनीकडून कर्ज मुदतीआधी बंद करण्याच्या रकमेचे पत्र घ्यावे. त्यात शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क वेगवेगळे दाखवलेले असावे. १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या कर्जांबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते, आणि त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. म्हणून ते विवरणपत्र काढून बघावे. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. गाडीचे कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, तिथे शुल्क लागू शकते. आपल्या उदाहरणात ते ३ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरले तर सुमारे १८,६५० रुपये होतात. गाडी बाजारात साडेपाच लाखांना गेली तर हे सगळे भागून चार-साडेचार हजार हातात राहतात. हीच गाडी लिलावात लाखाचे देणे मागे ठेवून गेली असती. खरेदीदाराने रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्यावा, आरटीओत बोजा उतरवावा आणि मग नमुना २९ व ३० वर गाडी नावावर करून द्यावी.

याच टप्प्यावर खानदेशात, आणि खरे तर महाराष्ट्रभर, एक घातक पळवाट चालते. ‘पुढचे हप्ते तू भर, गाडी तू वापर’ अशा बोलीवर, फार तर शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, गाडी दुसऱ्याच्या हाती दिली जाते. दोघेही ओळखीचे असतात आणि विश्वास खरा असतो, हे मान्य. पण कायदा विश्वास पाहत नाही, नोंद पाहतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक धरला जाईल, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. अशा गाडीने वरणगावच्या रस्त्यावर कुणाला उडवले आणि विमा संपलेला असला, तर नोटीस मूळ मालकाच्या घरी येते. हप्ता चुकला तर पतनोंदही त्याचीच बिघडते आणि जामीनदाराच्या दारातही वसुलीवाले उभे राहतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे आपल्याकडे सही करताना कुणी सांगत नाही.

विक्रीही जमत नसेल आणि गाडी परत देणे भागच असेल, तर ते आपल्या अटींवर करावे. काही जण म्हणतात की, एवढ्या कटकटीपेक्षा हप्ता थांबवावा आणि ते ओढून नेतील तेव्हा नेतील. यात दोन नुकसाने आहेत. थकबाकीचा दंड चढतो, आणि गाडी कोणत्या अवस्थेत गेली याचा पुरावा आपल्याकडे राहत नाही. त्याऐवजी आधी लेखी प्रस्ताव द्यावा. गाडी अमुक तारखेला स्वेच्छेने सोपवतो, तिचे मूल्य अमुक धरावे आणि उरलेल्या देण्याचा पूर्ण व अंतिम निकाल अमुक रकमेत करावा, असा तो असावा. कंपनीचे सहीशिक्क्याचे उत्तर आल्याशिवाय किल्ली देऊ नये. देताना किलोमीटर, टायर, बॅटरी, स्टेपनी यांची यादी करून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी आणि फोटो काढावेत. बँकेतला हप्ता-कपातीचा आदेश रद्द करावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत, फास्टॅग बंद करावा. सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोंदणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली, हप्ता थकल्याने ताब्यात घेतलेल्या गाडीचे नोंदणीपत्र कंपनी नमुना ३६ वर स्वतःच्या नावावर करून घेऊ शकते. समझोत्यातच गाडी ठरावीक मुदतीत आपल्या नावावरून उतरवण्याची अट घालावी. तोवर तिच्या प्रत्येक अपघाताची सावली आपल्यावर राहते.

कंपनी कशाला अशी सही देईल, हा शेवटचा आक्षेप. प्रत्येक वेळी देणार नाही, हे खरे. पण तिच्याही हिशेबात गाडी शोधणे, उचलणे, यार्डात ठेवणे हा खर्चच असतो. स्वेच्छेने, चालू अवस्थेत मिळणारी गाडी तिला स्वस्त पडते. शिवाय कायद्याने तिचे हातही बांधले आहेत. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुंडांकरवी गाड्या उचलण्याला फटकारले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वित्तसंस्थांच्या करारात सूचनेचा कालावधी, ताबा घेण्याची रीत आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला शेवटची संधी यांची कलमे असलीच पाहिजेत. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर संपर्क करायचा नाही. ही कलमे मोडली गेली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, आणि त्याखेरीज जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनीचे मुख्यालय मुंबईत वा चेन्नईत असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला किंवा धुळ्याला, करता येते. गाडी व्यवसायाची असली तरी ती स्वतः चालवून पोट भरण्यासाठी असेल तर हा हक्क शाबूत राहतो. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. आणि लवादाची नोटीस आली तर ती फाडून टाकू नये, उत्तर द्यावे, नाहीतर निवाडा आपल्या पाठीमागे होतो.

निम्म्याच्या नियमासारखे संरक्षण तारणाच्या कर्जांनाही मिळावे, ही मागणी वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि ग्राहक पंचायतींनी लावून धरण्याजोगी आहे. ते होईपर्यंत गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने करारावर सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा : मला ही गाडी मध्येच सोडावी लागली तर माझ्यावर जास्तीत जास्त किती देणे राहील? उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर कर्जाची रक्कम कमी करावी किंवा मुदत आखूड घ्यावी. कंत्राट जितक्या वर्षांचे, तितक्याच वर्षांचे कर्ज, हा हिशेब ज्याने पाळला त्याच्यावर गाडी परत देण्याची पाळी सहसा येणार नाही. पुढच्या लेखांकात जामीनदाराचे हक्क पाहू.