शोधकाच्या वह्या

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर हिंगणी हे गाव आहे. तिथल्या एका मिस्त्रींकडे अकरा वह्या होत्या. शाळेत वापरतात तशा साध्या, रेघी. मिस्त्री इंजिने दुरुस्त करत आणि फावल्या वेळात तिफणीवर काही ना काही प्रयोग करत. बियाण्याबरोबरच खत पडावे, पण ते बियाण्याला चिकटू नये, या खटपटीत त्यांची बरीच वर्षे गेली. जे सुचेल ते आणि जे फसेल तेही ते वहीत टिपून ठेवत. त्यांच्या माघारी घर आवरताना नऊ वह्या रद्दीत गेल्या. दोन वाचल्या. नातवाने मागच्या कोऱ्या पानांवर गणिते सोडवायला त्या घेतल्या होत्या म्हणून.

या दोन वह्या मुलांकडून नीट उतरवून घ्याव्यात आणि जमल्यास त्यांची छोटी पुस्तिका करावी, अशी कल्पना निघाली. काम महिनाभराचे असेल असे आम्हाला वाटले होते. पहिल्याच पानावर अडलो. ‘दांडीला दोन सूत जास्त दिले’ असे वाक्य होते. मुलांनी सूत म्हणजे कापसाचे सूत धरले. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे, तिथली मुले दुसरे काय धरणार? मिस्त्रींच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडा कमी. दोन सूत म्हणजे पाव इंच. ही एवढी तळटीप राहून गेली असती, तर पुढच्या वाचकाने मिस्त्रींना दांडीभोवती दोरा गुंडाळताना पाहिले असते.

शोधकाचे कागद छापणे म्हणजे ते टाइप करून छापखान्यात देणे, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे हे पाहायचे तर या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण घ्यावे लागेल. ते थॉमस अल्वा एडिसनचे (१८४७–१९३१) आहे.

एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत, हे आपण वर्गात सांगतोच. त्याच्या मागे राहिलेल्या कागदांचा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. न्यू जर्सी राज्यात वेस्ट ऑरेंज येथे त्याची प्रयोगशाळा होती. तिथे सुमारे ५० लाख पाने जपलेली आहेत. मुलांना एक हिशेब घालून पाहा. एका माणसाने मिनिटाला एक पान वाचले, रोज आठ तास वाचले, वर्षाचे ३०० दिवस वाचले, तर त्याला किती वर्षे लागतील? दिवसाला ४८० पाने, वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे जवळपास ३५ वर्षे. हे झाले नुसते वाचन. पान समजणे, तारीख लावणे, टिपा लिहिणे यात धरलेलेच नाही.

१९७८ साली रटगर्स विद्यापीठाने हे काम हाती घेतले. न्यू जर्सीचा इतिहास आयोग, अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा आणि स्मिथसोनियन संस्था त्यात भागीदार होत्या. सगळे छापणे अशक्य, म्हणून निवडक कागदांची सूक्ष्मफीत आधी काढली. ती १९८५पासून निघू लागली. त्याहून काटेकोर निवड करून, टिपांसह छापलेला पहिला खंड १९८९ मध्ये आला. नववा खंड २०२१ साली निघाला. तो १८८९च्या अखेरीस थांबतो. काम सुरू झाल्याला तेव्हा ४३ वर्षे झाली होती आणि नवव्या खंडाच्या शेवटच्या पानावर एडिसनचे वय आहे ४२! दरम्यान संगणक आले, आणि आता या कागदांचा मोठा भाग घरबसल्या पाहता येतो.

एका माणसाचे एवढे कागद साठले कसे? एडिसन टापटिपीचा होता म्हणून नव्हे. कारण पेटंटात आहे. दोघांनी एकाच शोधावर हक्क सांगितला, तर आधी कोणाला सुचले याचा पुरावा द्यावा लागे. तारीख घातलेली आणि साक्षीदाराने सही केलेली वही हा उत्तम पुरावा. १८७८च्या अखेरीस विजेच्या दिव्याचे काम जोरात आले, तेव्हा मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत टेबलाटेबलांवर सारख्या आकाराच्या बांधीव वह्या ठेवण्यात आल्या. ज्याच्या हाताशी जी येईल तीत त्याने लिहायचे. आज इतिहासकाराला जे धन वाटते, ते मुळात वकिलाची सोय म्हणून जमले. शिवाय पत्रे, बिले, कंपन्यांचे करार, कोर्टातल्या जबान्या, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत ती वेगळीच.

आता संपादकाचे काम पाहू. वही कोणाची हे आधी ठरवावे लागते. ‘एडिसनची वही’ म्हटले तरी तीत चार्ल्स बॅचलरचे अक्षर आहे, गणिती फ्रान्सिस अप्टनचे आहे, इतर साहाय्यकांचेही आहे. एडिसनचे अक्षर ओळखू येते. तो तरुणपणी तारमास्तर होता. तारेवरून येणारा मजकूर भराभर पण सुवाच्य उतरवण्याची सवय त्याच्या हाताला आयुष्यभर राहिली. पानागणिक अक्षरे वेगळी केली की एकट्या जादूगाराचे चित्र आपोआप पुसट होते. कल्पना एकाची, आकडेमोड दुसऱ्याची, आणि धातूत ती उतरवणारा जॉन क्रुसी हा स्वित्झर्लंडहून आलेला कारागीर तिसरा.

मग मजकूर उतरवायचा. एडिसनचे स्पेलिंग बेताचे होते. ते सुधारायचे का? संपादक सुधारत नाहीत. शिक्षकाच्या हाताला हे अवघड जाते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. लाल शाईचे पेन खिशात असताना चूक तशीच ठेवणे ही मोठी तपश्चर्या आहे. पण आज जी चूक वाटते ती कदाचित त्या काळची रीत असेल, किंवा घाईची खूण असेल. एकदा दुरुस्त केली की ती खूण गेली. खोडलेला शब्दसुद्धा दाखवावा लागतो, कारण विचार कुठे वळला हे तिथेच दिसते. आणि आकृत्या? शोधकाचे निम्मे विचार रेघांत असतात. त्या शब्दांत उतरत नाहीत, म्हणून चित्र जसेच्या तसे छापावे लागते.

सर्वांत नाजूक काम तारखेचे. त्याची एक गोष्ट अशी. फोनोग्राफचे एक रेखाचित्र प्रसिद्ध आहे. ते यंत्र बनवण्याची क्रुसीला आज्ञा, खाली एडिसनची सही आणि १२ ऑगस्ट १८७७ ही तारीख. कित्येक पुस्तकांत हाच फोनोग्राफचा जन्मदिवस म्हणून छापला गेला. बाकीचे कागद क्रमाने लावले तेव्हा हे जुळेना. आवाजाची कंपने मेणकागदावर उमटवून पुन्हा ऐकता येतील, ही कल्पना १८७७च्या जुलैतल्या टिपणात आहे. पण यंत्राचे खरे कामचलाऊ चित्र २९ नोव्हेंबरचे आहे, आणि क्रुसीने यंत्र घडवले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पेटंटचा अर्ज २४ डिसेंबरचा. ऑगस्टमध्ये यंत्र तयार असते, तर पेटंटच्या बाबतीत इतका दक्ष माणूस चार महिने गप्प बसला असता का? त्या प्रसिद्ध चित्रावरची आज्ञा आणि तारीख खुद्द एडिसनने पुष्कळ वर्षांनंतर आठवणीने घातली होती. अक्षर अस्सल, सही अस्सल, पण तारीख चुकीची! शोधक स्वतःबद्दल सांगतो तेही तपासून घ्यावे लागते.

दिव्याचेही तसेच. कापसाच्या दोऱ्याचा कोळसा करून केलेला दिवा २१ ऑक्टोबर १८७९ रोजी सलग ४० तास जळला, ही कथा आम्हीही वर्षानुवर्षे सांगितली. १९२९ साली हेन्री फोर्डने दिव्याचा सुवर्णमहोत्सव थाटाने केला तोही २१ ऑक्टोबरलाच. वहीत मात्र वेगळे आहे. तो दिवा २२ ऑक्टोबरच्या पहाटे दीडला लागला आणि चौदा तासांच्या आसपास टिकला. चौदा तास हेदेखील थोडे नव्हते.  पण चाळीस तासांचा चमत्कार सांगितला की पुढचे सगळे काम मुलांना दिसेनासे होते. कागदी पुठ्ठ्याचा कोळसा, मग बांबूचा, हे सगळे त्या रात्रीनंतरचे आहे.

आपल्याकडे हे काम कोणी केले नाही असे नाही. वर्ध्याच्या वाचकाला दूर जायला नको. गांधीजी शोधक नव्हते, पण प्रयोग या शब्दावर त्यांचाही हक्क होता, आणि सेवाग्रामहून गेलेल्या त्यांच्या पत्रांची गणती करणे कठीण. भारत सरकारने १९५६ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाचे काम सुरू केले. पहिला खंड १९५८ साली निघाला, शंभरावा १९९४ साली. १९६० ते १९८५ अशी पंचवीस वर्षे के. स्वामीनाथन प्रमुख संपादक होते. गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा भाषांतले लेखन, त्यातले कितीतरी पाठकोऱ्या कागदांवर आणि उलट्या केलेल्या पाकिटांवर, शिवाय मौनवारच्या चिठ्ठ्या. हे सगळे तारखेच्या क्रमाने लावलेले आहे. पुढे या खंडांची सुधारित आवृत्ती निघाली. तीत काही नोंदी गळल्या, खंडांच्या प्रस्तावना वगळल्या आणि खंडांची विभागणीही बदलली. अभ्यासकांनी आक्षेप घेतला आणि २००५ मध्ये सरकारने ती मागे घेतली. खंडांची विभागणी बदलली तर बिघडले काय, असे कोणाला वाटेल. पण चाळीस वर्षांत लिहिलेल्या शेकडो पुस्तकांनी खंड आणि पान यांचा हवाला दिलेला होता. ते सगळे पत्ते एका फटक्यात चुकीचे ठरले असते.

मराठी शोधकाचे उदाहरण हवे तर शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) आहेत. मुंबईचा हा माणूस लंडनला गेला, तिथे छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्राच्या मागे लागला आणि पुढे न्यूयॉर्कला गेला. तिकडे त्यांना ‘भारतीय एडिसन’ म्हणत. यंत्रासाठी भांडवल उभे करताना त्यांची फार ओढाताण झाली. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, पुढे गोखल्यांच्या ओळखीतून रतन टाटांचे साहाय्य मिळाले. या ओढाताणीची पत्रे वाचायची तर दादाभाईंचे दप्तर उघडावे लागते. ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दादाभाई आलेला प्रत्येक कागद ठेवून देत. पत्र लिहिणाऱ्याजवळ राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्याकडे जाते, ही साधी गोष्ट शोधाशोध करताना आपण विसरतो. मूळ एडिसनला तीनशे मैलांवरचा कागदही विद्यापीठाने शोधून आणला. त्याच्या भारतीय नावाच्या वाट्याला असे विद्यापीठ आले नाही, याची आम्हाला खंत वाटते.

हे लक्षात आल्यावर आम्ही हिंगणीत पुन्हा चौकशी केली. मिस्त्रींनी ज्यांना सुटे भाग मागवायला लिहिले असेल, त्यांच्याकडे काही आहे का? एका जुन्या दुकानातून दोन पोस्टकार्डे निघाली. त्यांतल्या एकावर नळ्याचे चित्र आहे. वहीतल्या फाटलेल्या पानाचा उरलेला भाग त्यामुळे कळला.

तारखेचे कोडे मुलांनीच सोडवले. मिस्त्री तारीख क्वचित घालत. एका पानावर फक्त ‘तान्हा पोळा, सोमवार. शेण-मातीत चालवून पाहिले, चाडे तुंबले’ एवढेच होते. तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिथी ठरलेली, वार मात्र दरवर्षी वेगळा. सोमवार सातांतून साधारण एकदा यायचा. मुलांनी जुनी पंचांगे जमवली आणि शक्य त्या पंधरा वर्षांपैकी सोमवारची दोन निघाली. त्यांतले कोणते, हे दोन पानांनंतर चिकटवलेल्या डिझेलच्या पावतीने सांगितले. पावतीवरचा शिक्का अर्धा पुसला होता, पण सालाचा शेवटचा आकडा शाबूत होता.

आता पुस्तिकेचा मजकूर जवळपास तयार आहे. नातवाची गणिते ठेवायची की गाळायची यावर वर्गात दोन तट पडले होते. ती ठेवायची ठरले, कारण त्यांच्यामुळेच वही वाचली. एक जागा तेवढी अडलेली आहे. सात ठिकाणी ‘भा. म्हणतो दात बदल’ असे लिहिले आहे, आणि सातव्या वेळी मिस्त्रींनी दात बदलले आहेत. हा भा. कोण, हे गावात अजून कोणाला सांगता आलेले नाही. पुस्तिकेत त्या जागी तूर्त प्रश्नचिन्ह छापत आहोत.