दम्याचा झटका ओसरल्यानंतर

दम्याच्या तीव्र झटक्यातून सावरलेला रुग्ण सलग वाक्य बोलू लागतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण स्थिर होते आणि त्याला घरी सोडले जाते; परंतु श्वासनलिकांच्या अस्तराची सूज तोवर पूर्ण उतरलेली नसते. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दम्याने झालेले १९५ मृत्यू तपासले गेले, तेव्हा त्यांतील सुमारे दहा टक्के रुग्ण दम्यावरील उपचारांनंतर घरी सोडल्यापासून २८ दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. म्हणूनच आठवडाभरात होणाऱ्या फेरतपासणीला उपचारांचेच अंग मानले पाहिजे.

या तपासणीत सर्वाधिक वेळ पंप ओढण्याची पद्धत पाहण्यात जातो, आणि तो तसा गेलाच पाहिजे. फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, कळ दाबताच औषध सावकाश व खोल आत घ्यावे लागते आणि श्वास सुमारे दहा सेकंद रोखावा लागतो; कोरड्या भुकटीच्या पंपातून मात्र ते जोरात व झटक्यात ओढावे लागते. दोन्ही पंप हाताळणाऱ्या रुग्णाकडून या रीतींची अदलाबदल झाली, तर बरेचसे औषध तोंडात आणि घशातच राहते. फवाऱ्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, वापरल्याने कळ आणि श्वास यांची वेळ अचूक साधण्याची गरज कमी होते.

त्यानंतर कोणता पंप किती वापरला, हे विचारले जाते. साल्ब्युटामॉलसारखे तात्काळ आराम देणारे औषध श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, पण सूज कमी करत नाही. ते काम श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचे असते. आरामाचा पंप लवकर संपत असेल, तर आजार आटोक्यात नसल्याची ती खूण असते. ‘पंपाची सवय लागते’ ही घराघरांतली भीती येथे धीराने ऐकून घ्यावी लागते, कारण तिच्यापायी नेमके सूज उतरवणारे औषधच बंद होते. अशा पंपातील एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड असू शकते, तर झटक्यात दिलेली प्रेड्निसोलोनची रोजची मात्रा अनेकदा ४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने त्याच्या दोनशेपट असते. पोटातून घ्यायच्या या गोळ्यांचे क्रम वारंवार घ्यावे लागले, तर हाडे ठिसूळ होण्याचा, मधुमेहाचा आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो.

पुन्हापुन्हा येणाऱ्या झटक्यांचा दीर्घकालीन परिणाम फुप्फुसांवरही होतो. सूज वर्षानुवर्षे टिकली, तर श्वासनलिकेची भिंत जाड होते आणि काही रुग्णांत ती औषधानेही पूर्ण मोकळी होत नाही. त्यामुळे जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर रुग्णाचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा ठरवून लेखी योजना दिली जाते: आकडा त्याच्या ८० टक्क्यांखाली आल्यास औषध कसे वाढवायचे आणि ५० टक्क्यांखाली घसरल्यास आरामाचे औषध घेऊन थेट रुग्णालय कसे गाठायचे, हे तीत लिहिलेले असते. ही योजना घरातील दुसऱ्या कोणालाही समजावून द्यावी लागते, कारण धाप लागलेल्या माणसाला स्वतःहून फोन करणेही अनेकदा जमत नाही.